एका अक्षराची चूक

आज मी तुमच्याशी एका अक्षराविषयी बोलणार आहे. या एका अक्षरापायी आमच्या गल्लीतल्या एका मुलाची नोकरी हुकली, आणि ते अक्षर गाळलं होतं मी.

मुलगा आयटीआय झालेला. एका वर्कशॉपात सहा महिने वेल्डिंगचं काम केलेला. एका कारखान्यात जागा निघाली, तेव्हा कोरा कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘चाचा, तुम्ही बीए आहात. इंग्रजीत अर्ज लिहून द्या.’ वेल्डिंगचा थोडा अनुभव आहे, एवढंच लिहायचं होतं. मी ऐटीत लिहिलं, ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स इन वेल्डिंग.’ मुलाखतीत साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘अनुभव नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग आलात कशाला?’ मुलगा परोपरीनं सांगत राहिला. साहेबांनी कागद परत केला.

मी व्याकरणाचं जुनं पुस्तक काढलं. चूक माझीच होती. ‘अ लिटल’ म्हणजे थोडं आहे. नुसतं ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच.

समजा, घरी पाहुणे आलेत. आतून कुणी म्हणालं, ‘देअर इज अ लिटल मिल्क’, तर चहाचं आधण ठेवायला हरकत नाही. ‘देअर इज लिटल मिल्क’ म्हणालं, तर पोराला दुकानात पिटाळायला हवं. पातेल्यातलं दूध तेवढंच, पण एकजण आहे ते पाहतो आणि दुसरा नाही ते पाहतो.

मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लिटल’ऐवजी ‘फ्यू’ येतं. नियम तोच. कविसंमेलनाला ‘अ फ्यू पीपल केम’, म्हणजे काही माणसं आली. ‘फ्यू पीपल केम’, म्हणजे फारसं कुणी फिरकलं नाही. संयोजक पहिलं वाक्य बोलतो, कवी दुसरं! मात्र ‘क्वाइट अ फ्यू’ ऐकलंत तर फसू नका. त्याचा अर्थ बरेच, पुष्कळ.

आपण इथे का चुकतो? मराठीत थोड्यासाठी शब्दांची वाण नाही. चिमूटभर मीठ, घोटभर चहा, पसाभर तांदूळ. रोजच्या तोंडातला ‘जरा’ तर अरबी ‘जर्रा’वरून, म्हणजे कण या शब्दावरून आलेला. पण यांतला एकही शब्द एकट्यानं नकार देत नाही. तीळभर जागेचासुद्धा नकार द्यायचा, तर ‘तीळभरही जागा नाही’ असं शेवटी स्पष्ट म्हणावं लागतं. आपला कान वाक्याच्या शेवटाकडे लागलेला असतो. इंग्रजी ‘लिटल’ आणि ‘फ्यू’ यांच्या पोटातच ‘नाही’ दडलेलं असतं. ‘पीपल केम’ या वाक्यामागे ‘डिडन्ट दे?’ असा नकारी प्रश्न लागतो. ‘फ्यू पीपल केम’मागे मात्र ‘डिड दे?’ लागतो. म्हणजे इंग्रजी व्याकरण ते वाक्य नकारी समजतं.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी शिकलो. जिथे आकडा सांगता येतो, तिथे ‘थोडं’ म्हणूच नये. पुढच्या अर्जात मी लिहिलं, ‘सिक्स मन्थ्स एक्स्पीरियन्स’. खाली त्याला येणाऱ्या कामांची यादी दिली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

सही करण्याआधी त्यानं ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाला, ‘चाचा, या वेळी तो “अ” राहिला नाही ना?’

मी म्हटलं, ‘बेटा, या वेळी त्याची गरजच ठेवली नाही.’ तरी त्यानं अर्ज माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. बरोबरच केलं त्यानं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)