रोगी आणि गाव

मी शिरूर अनंतपाळला राहतो, महाविद्यालयात शिकवतो, डॉक्टर नाही. तेव्हा एचआयव्हीविषयी आज जे बोलणार आहे, ते रोगाबद्दल थोडे आणि आपल्याबद्दल अधिक.

आपल्याच लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, हासेगाव आहे. तेथे २००७ साली रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. २००९ साली ही मुले शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालक बिथरले. या मुलांच्या शेजारी आपली मुले बसवायला ते तयार होईनात. या लेकरांचा अपराध काय? जन्मताना आईकडून विषाणू आला, एवढाच.

त्या पालकांना दुष्ट म्हणून आपण मोकळे होऊ नये. ती तुमच्याआमच्यासारखीच माणसे. मग असे का व्हावे?

पहिले कारण अज्ञान. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, या वाटांनी हा रोग लागतो. एका बाकावर बसल्याने, एका हंड्यातले पाणी प्यायल्याने, डास चावल्याने लागत नाही. पण हे पाठ असणाऱ्या घरातसुद्धा पेला वेगळा ठेवतातच की! म्हणजे नुसत्या अज्ञानाने उलगडा होत नाही.

दुसरे कारण जुने आहे. वेगळा पाणवठा, वेगळी पंगत ही शिवाशिवीची सवय आपल्या हाडीमाशी मुरली आहे. कुष्ठरोग्याला याच सवयीने आपण गावाबाहेर काढले. रोग नवा आला, वाट जुनीच सापडली.

तिसरे कारण म्हणजे रोगावरून चारित्र्याचा निवाडा. कोणाला ताप आला तर आपण विचारतो, ‘काय खाल्लं?’ हा रोग झाला तर विचारतो, ‘काय केलं?’ आणि निवाडा बहुधा बाईवर कोसळतो. गरोदरपणी रक्त तपासतात, म्हणून पुष्कळदा घरात तिचेच नाव आधी कळते. रोग नवऱ्याकडून आलेला असला तरी तो गेल्यावर सासरी बोल लागतो, “हिनंच खाल्लं माझ्या पोराला.” मग जमिनीचा वाटा नाकारायला तेवढे निमित्त पुरते. येथे भीतीला स्वार्थ येऊन मिळतो.

बरे, बहिष्काराने गाव तरी सुरक्षित होते का? उलट होते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. ती नेमाने घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. पण दवाखान्यात ओळखीचे कोणी पाहील, या धास्तीने माणूस तपासणीच टाळतो. त्याचे औषध लांबते आणि रोगाला मोकळे रान मिळते.

कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या रोगावरून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी रक्ततपासणीची अट घालता येत नाही. १८ वर्षांखालील बाधित मुलाला घरात राहण्याचा हक्क आहे. शंका असेल त्याने १०९७ या क्रमांकावर विचारावे. पैसे पडत नाहीत.

गुरुजनहो, कायदा तालुक्यापर्यंत येतो. वर्गातल्या बाकापर्यंत तुम्हीच न्यायचा. पालक येऊन विचारतील, “गुरुजी, तो पोरगा कोणता?” नाव सांगू नका. एवढेच सांगा, “कोणी का असेना, माझं लेकरू मी त्याच्याशेजारी बसवीन.”

हे लिहिताना मी स्वतःलाच विचारले, ‘माझी मुलगी बसवशील?’ उत्तर ‘हो’ आले, पण क्षणभर थांबून आले. एम. ए. झालेल्या माणसाचा तो क्षण कशात गेला? जुन्या सवयीत. श्रोतेहो, आपल्याला जिंकायचा आहे तो एवढाच क्षण.