तिरप्या उन्हातली शिल्पे



कंकालेश्वराचे देऊळ बीडकरांच्या इतके परिचयाचे आहे की, ते आपण पाहिलेले आहे असे आपणां सर्वांस उगाच वाटते. महाशिवरात्रीच्या जत्रेत पाण्यामधल्या त्या देवळात जावयाचे, दर्शन घ्यावयाचे आणि परतावयाचे. बाहेरच्या भिंतींवर हाती शस्त्रे घेतलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत, हे कितीकांच्या ध्यानात आहे? देऊळ चालुक्यांच्या काळचे की यादवांच्या, हा वाद पंडितांकडे सोपवू. आम्हांस बोलावयाचे आहे ते या उघड्यावरच्या शिल्पांची छायाचित्रे घेण्याविषयी.

आपला दगड काळा, ऊन पिऊन टाकणारा. त्यात बीड जवळजवळ १९ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो. मग मूर्तीचे कपाळ तेवढे उजळते. डोळे नि ओठ काळोखात बुडतात. समोरून दिवा पाडला तर सावल्याच नाहीशा होऊन मूर्ती सपाट दिसते. उठाव दाखवितो तो बाजूने येणारा प्रकाश, आणि संध्याकाळी तो फुकट मिळतो.

पण कोणत्या भिंतीवर? मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेस मावळतो. म्हणून उत्तरेच्या भिंतीवर सायंकाळचे तिरपे ऊन याच दिवसांत येते. हिवाळ्यात ते तिकडे फिरकतही नाही. तेव्हा पाळी दक्षिणेच्या भिंतीची. समुद्रकाठच्या शिल्पांना पाण्यावरून परतणाऱ्या उजेडाचा लाभ मिळतो. आपल्याकडे समुद्र नसला तरी तळे आहे. ते भरलेले असले म्हणजे तोच उजेड खालून हनुवटीखाली शिरतो. कॅमेरा मात्र काळा दगड करडा करून दाखवितो. यास्तव प्रकाश थोडा कमीच घ्यावा, आणि तिपाई विसरू नये.

उठाव यावा म्हणून कोणी मूर्तीवर तेल चोपडतात, कोणी खडूने रेघा ओढतात. हा अडाणीपणा आहे. अर्धा तास थांबले तर जे काम ऊन करते, त्यासाठी शिल्प कशाला बिघडवावे? अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातील दगडी हत्तींनाही हेच लागू आहे.

दगड झिजतो, त्याचे पापुद्रे सुटतात. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच दिवशी, त्याच वेळी एक छायाचित्र घेतले तर कोणते बोट गेले, कोणत्या शस्त्राचे टोक गेले, ते कळेल. नुसते आठवणीवर सांगितलेले दुरुस्ती करणाऱ्याच्या काय उपयोगी? छायाचित्राबरोबर तारीख, वेळ आणि भिंतीची दिशा मात्र लिहून ठेवावी.

आता दिवे मालवावेत. आधी दुपारचे चित्र पाहू, मग त्याच मूर्तीचे संध्याकाळचे.