करार आणि कैफियत



वेगळ्या विदर्भाचे नाव निघाले की सभेत दोन तट पडतात. एकाला त्यात फुटीरपणा दिसतो, दुसऱ्याला मोक्ष. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्ही दोघांनाही एवढेच विचारतो की, कैफियत कोणाची आहे आणि करार पाळला कोणी?

अमेरिकेचा दाखला घ्या. १८१२ साली इंग्लंडशी सुरू झालेली लढाई संपल्यावर तेथे राष्ट्रभावनेची लाट आली. १८१६ साली दक्षिण कॅरोलिनाच्या जॉन कॅल्हूननेच देशी कारखान्यांसाठी आयात जकातीची बाजू घेतली. १८२८ साली जकात फार वाढली, तेव्हा हाच गृहस्थ तिच्याविरुद्ध उभा राहिला. कारण उघड होते. दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाई. जकातीने तिला लागणारा माल महाग होई आणि नफा उत्तरेच्या कारखानदारांना मिळे. १८३२ साली त्या राज्याने हे जकातीचे कायदे आपल्या हद्दीत रद्द ठरविले. अध्यक्ष जॅक्सनने फौजेचा धाक घातला. १८३३ साली जकात हळूहळू उतरविण्याचा समेट झाला.

दक्षिणेची तक्रार निराधार नव्हती. पण त्या राज्यातली निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. कापूस तीच वेचीत. ‘आमचा प्रांत’ असे मळेवाले म्हणाले, तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. पुढे १८६१ साली यादवी जुंपली, अमेरिकेचा कापूस अडला आणि आपल्या वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. युद्ध संपल्यावर ते कोसळले.

आता घरचे पाहू. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यास करार झाला: संयुक्त महाराष्ट्रात महाविदर्भ हा स्वतंत्र विधिमंडळाचा उपप्रांत असावा. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व नोकऱ्या, आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरास, असे ठरले. लोकनायक अणे, ब्रिजलाल बियाणी यांना मात्र वेगळे राज्यच हवे होते. १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगानेही तशीच शिफारस केली. तरी १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती बसली. घटनेच्या ३७१ (२) कलमाखालची विकास मंडळे १९५६ च्या तरतुदीनंतर थेट १९९४ साली उभी राहिली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. जोडीदाराने शब्द ढिला सोडला, तर दुसऱ्याने हिशेब मागणे हा द्रोह नव्हे. हिशेबाची वही मिटवून ‘आपण सारे मराठी’ असे म्हणणे ही एकी नव्हे.

परंतु हिशेब मागणाऱ्यांनाही आमचा सवाल आहे. उद्या राजधानी नागपुरास झाली, तर पऱ्हाटीत वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी वाढेल काय? जिनातल्या हंगामी कामगाराला बारमाही काम मिळेल काय? मागणीच्या जाहीरनाम्यात या दोन ओळी नसतील, तर ती कैफियत वऱ्हाडची नव्हे, वऱ्हाडातल्या काही घरांची आहे. राज्य एक राहो की दोन होवोत, त्या ओळी लिहवून घेण्याचे काम आपले आहे. अकोला-अमरावतीच्या प्रत्येक सभेत ते करावे, एवढीच विनंती.