पंचनाम्याच्या आधीचं काम

२०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातला पाऊस आणि तिथल्या संजय सरोवर धरणाचा विसर्ग यांनी वैनगंगा फुगली. भंडारा जिल्ह्यात घरंदारं बुडाली, धानाच्या बांध्या पाण्याखाली गेल्या.

पाणी ओसरलं की पंचनामे होतात. पिकाची मदत बहुतेकदा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. आता तुमसरकडे दुसऱ्याची बांधी ठेक्यानं करणारा माणूस घ्या. रोवणीचा खर्च त्याचा, खताची उधारी त्याची, आणि पैसे मालकाच्या खात्यात! समाजकार्य शिकणाऱ्यांना ही मेख आधी कळायला हवी.

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्याचं शिक्षण देते. पण निराधार योजनेचा अर्ज भरता येणं वेगळं आणि नदी चढत असताना एकटी राहणारी आजी कोणत्या घरात आहे, हे ठाऊक असणं वेगळं. अशा एकट्या माणसांची यादी मे महिन्यातच करायची. श्रावणबाळ योजनेतली नावं घ्यायची, बँक खातं चालू आहे का पाहायचं. गावातल्या आशाताईंना विचारलंत, तर अर्धी यादी ओट्यावरच तयार होते.

संकट पाहून योजना बेतणं आपल्याला नवं नाही. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवावर १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला.

पुराचा निदान पंचनामा होतो, उन्हानं बुडालेल्या मजुरीचा मात्र होत नाही. गुजरातेत ‘सेवा’ संघटनेनं २०२३ मध्ये असंघटित महिलांसाठी तापमानाशी जोडलेला विमा आणला. त्यात पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे टिकला, तर नुकसान मोजत न बसता भरपाई देय होते.