गैरहजेरी आणि बडतर्फी



रजेची मुदत संपूनही जो सरकारी नोकर दीर्घकाळ कामावर रुजू होत नाही, त्याला नोकरीवरून दूर करण्याचा अधिकार सरकारला असावा, याविषयी दुमत नाही. कारण तुरुंगाचा पहारा किंवा शाळेचा वर्ग रिकामा राहिला, की त्याची झळ अखेर रयतेलाच लागते. प्रश्न इतकाच, की हा अधिकार बजावण्यापूर्वी त्या नोकराचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन सरकारवर आहे की नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका खटल्यातून मिळते. जोधपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातील एका हेड वॉर्डरने 1956 साली रजा घेतली, पुढे आजारपणास्तव ती वाढवून मागितली, आणि अखेरीस त्याच्या हाती नोकरी संपल्याचा हुकूम पडला. जोधपूरच्या जुन्या सेवाविनियमांप्रमाणे, रजा संपल्यावर महिनाभर परवानगीवाचून गैरहजर राहणाऱ्याने आपल्या जागेवर स्वतःच पाणी सोडले असे धरावयाचे होते. सबब सरकारने त्याला काढलेच नाही, तोच गेला, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. परंतु आरोप कळवून चौकशी केल्याखेरीज आणि बचावाची वाजवी संधी दिल्याखेरीज सरकारी नोकरास सामान्यतः बडतर्फ करता येत नाही, असे संविधानाचे 311 वे कलम सांगते. ज्याला नोकरीत राहावयाचे आहे त्याला सरकार राहू देत नाही, तेव्हा नियमाची भाषा काहीही असो, ते काढून टाकणेच होय, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम अवैध ठरविला.

पाच वर्षांच्या सलग गैरहजेरीने नोकरी आपोआप संपते, असे म्हणणाऱ्या बिहारमधील नियमाखालीही 311 व्या कलमाचे बंधन सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली म्हटले. पुढे 1993 साली, आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास कामगाराचा नोकरीवरील हक्क संपुष्टात आणणाऱ्या कारखान्याच्या स्थायी आदेशांनाही न्यायालयाने नैसर्गिक न्यायाची मर्यादा घातली, आणि उपजीविका हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्मरण दिले. सर्वांत मर्मग्राही मला वाटतो तो 2012 चा निर्णय: गैरहजेरी कर्तव्यच्युती ठरावयाची, तर ती हेतुपुरस्सर होती हे चौकशीत सिद्ध झाले पाहिजे; आजार, अपघात वा इस्पितळातील वास्तव्य अशा अगतिकतेने जो येऊ शकला नाही, त्यास कर्तव्यपराङ्मुख म्हणता येत नाही. हजेरीपट मनुष्य आला नाही एवढेच सांगतो; का आला नाही, हे त्या मनुष्याला विचारल्यावाचून कळत नाही, आणि कसूर तर त्या कारणातच असते.

परंतु या निर्णयांत बेपर्वाईला आश्रय नाही. चेन्नईच्या पाणीपुरवठा मंडळातील एका अभियंत्याने बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यास वर्षानुवर्षे विलंब केला, तेव्हा त्या विलंबाकडे आणि त्याच्या दीर्घ गैरहजेरीकडे पाहून सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ती बडतर्फी कायम केली.

म्हणून नोकरवर्गास माझी विनंती आहे, की आजारपणाचा अर्ज दाखल्यासह लेखी पाठवावा, त्याची पोच जपून ठेवावी, आरोपपत्रास मुदतीत जबाब द्यावा आणि न्यायाधिकरणाकडे विनाविलंब जावे. आणि अधिकारीवर्गास विनंती ही, की एका कुटुंबाची भाकर काढून घेणाऱ्या हुकुमावर सही करण्यापूर्वी त्या मनुष्याचे म्हणणे एकदा पूर्णपणे ऐकावे.