दूध आणि घास
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिला विभागापुढे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बाळाच्या वाटी-चमच्याविषयी बोलणे काहींना अस्थानी वाटेल. परंतु ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढे नोकरीनिमित्त आपली मराठी कुटुंबे या सेक्टरांतून राहावयास आली. तेव्हापासून येथील तरुण मातांना एक अडचण सतत भेडसावत आली आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लेक बाळाला घेऊन भिलाईच्या क्वार्टरात परतते. अंगावर पाजणे ती आईच्या नजरेखाली शिकलेली असते. घास भरवणे मात्र तिला एकटीने शिकावे लागते.

सल्ल्यांचा तुटवडा नसतो. दूरध्वनीवरून आई एक सांगते, सासूबाई दुसरे, शेजारीण तिसरे. 'सहाव्या महिन्यात उष्टावण' आणि 'सहा महिने पूर्ण झाल्यावर अन्न' यांत जवळजवळ एका महिन्याचे अंतर आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. पूर्वी डॉक्टरही चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान अन्न सुरू करावयास सांगत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली पूर्ण सहा महिने केवळ आईचे दूध, हा निर्णय दिला. तेव्हा वडीलधाऱ्यांना चुकीचे ठरवू नये. त्यांच्या काळचे शास्त्र तसेच होते. उष्टावणाचा मुहूर्त मात्र थोडा पुढे न्यावा. तोवर गुटी नको, मध नको, मे महिन्याच्या उन्हातही वेगळे पाणी नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते.

सहा महिन्यांनंतर दोन प्रकारच्या चुका आम्हांला दिसतात. एका घरी 'आता जेवू लागला' म्हणून दूध तोडले जाते; दुसऱ्या घरी 'दूध पितोय ना' म्हणून अन्न लांबते. हिशेब असा आहे : सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० उष्मांक लागतात. त्यांतील सुमारे ४०० दुधातून मिळतात, उरलेले २०० अन्नातून यावयाचे. नऊ ते अकरा महिन्यांत गरज ७०० च्या घरात जाते आणि अन्नाचा वाटा ३०० होतो. म्हणजे वर्ष सरेपर्यंत निम्मा भार दुधावरच राहतो. लोहाची गोष्ट निराळी. जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह अल्प असते. ती उणीव अन्नानेच भरून काढावी लागते. घास दुधाची जागा घेण्यासाठी नाही, दुधाला जोड देण्यासाठी आहे.

मग घास कसा असावा? आपल्या घरांत वरणाचे पाणी आणि भाताची पातळ पेज यांवर फार विश्वास. सात किलोच्या बाळाचे पोट एका वेळी साधारण २०० मिलिलिटर एवढेच मावून घेते. ते पाण्याने भरले, तर बाळ तृप्त दिसते आणि उपाशी राहते. चमचा तिरपा केला असता घास ओघळून जाऊ नये, इतका तो दाट हवा. मऊ भात व वरण घोटून त्यावर तूप. नाचणीचे सत्त्व, ज्या नाचणीला बस्तरकडे मंडिया म्हणतात. बाजारात 'मुनगा' म्हणून मिळणाऱ्या शेवग्याचा कोवळा पाला वरणात शिजवून. चालत असेल त्या घरी नीट उकडलेले अंडे, मासा. डाळी-पाल्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले असता लोह अंगी लागते. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये. मध तर मुळीच देऊ नये.

आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्याअखेर अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि गुळगुळीत घोटण्याऐवजी हाताने कुस्करलेले. दूध मागेल तेव्हा, रात्रीसुद्धा पाजावे. बाळाने तोंड फिरवले, तर बळजबरी करू नये. नवा पदार्थ आठ-दहा वेळा पुढे आल्यावरच कित्येक मुले स्वीकारतात. आजारपणात दूध अधिक वेळा पाजावे, घास थोडाथोडा चालू ठेवावा. वजन वाढेनासे झाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखविण्यास विलंब करू नये.

नोकरी करणाऱ्या भगिनींचा पेच अधिक अवघड आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे घास सुरू होतो त्याच सुमारास आई कामावर रुजू होते. त्या घाईत बाटली घरात शिरते. दुधाची भुकटी व बाटल्या यांच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने मनाई केली, ती उगाच नव्हे. काढलेले दूध शीतकपाटात ठेवून २४ तासांच्या आत स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. आमच्या आज्यांचे बोंडलेही चालेल, मात्र त्याची चोच आतून धुतली गेली पाहिजे. सकाळी निघण्यापूर्वी, परतल्यावर आणि रात्री अंगावर पाजल्यास दूध टिकते.

आणि बंधूंनो, अंगावर पाजणे तुम्हांस शक्य नाही. घास भरविणे खचित आहे. पाळीची नोकरी पुष्कळ त्रासाची, परंतु दुसऱ्या पाळीच्या बापाला बाळाचा सकाळचा घास लाभतो. तो सोडू नका.

शेवटी मंडळाला एक विनंती. माहेराहून बाळ घेऊन कोणी परतली, की पहिल्या महिन्यात दोन अनुभवी भगिनींनी तिच्याकडे जावे. उपदेशासाठी नव्हे, एक दिवस तिच्यासमोर मऊ भात घोटून दाखवावा, बाळ रडले तर थोडे मांडीवर घ्यावे. आजी दूर असलेल्या घरी ती जागा रिकामी राहू नये, यासाठीच तर परमुलखात मंडळे असतात, अशी आमची समजूत आहे.