पणजोबांच्या नावाचा शोध

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



"आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईवर गेले होते," हे वाक्य आपल्यापैकी काही घरांत अजून ऐकू येते. त्यापुढचे मात्र कोणाला ठाऊक नसते. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? यांपैकी ११० वी पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढली आणि एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे कैद झाली.

बसऱ्याचे स्मारक चाळीस हजारांहून अधिक मृतांचे आहे. परंतु हिंदी फौजेतील केवळ अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली गेली. साध्या शिपायांचा उल्लेख पलटणवार नुसत्या आकड्याने झाला. युद्धातील कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये अशा भेदभावाची जाहीर कबुली दिली. आज त्याच आयोगाच्या संकेतस्थळावर मृत शिपायाचे नाव, क्रमांक, पलटण आणि पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही मिळतो. शोधणाऱ्याला पैसा पडत नाही.

पण शोधाची सुरुवात घरातूनच करावी. जुन्या पेटीत पदक असेल तर त्याची कड भिंगाने पाहा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. जे जिवंत परतले, त्यांची नावे मृतांच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी हे पदक आणि पेन्शनचे कागद हाच मोठा आधार. आणखी एक ध्यानात ठेवा. कारकुनाने नाव कानावर पडले तसे इंग्रजीत लिहिले. 'शेख' हा एकच शब्द तीन-चार तऱ्हांनी सापडतो. शेख इस्माईल तर शेकड्यांनी असतील! वडिलांचे नाव आणि गाव ठाऊक असेल, तरच आपला माणूस ओळखू येतो.

मित्रहो, ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांची नावे परक्यांनी लिहिली, जशी जमली तशी. तुम्हाला लिहिता येते. या सुट्टीत आजीजवळ बसा. नाव, वडिलांचे नाव, गाव, पलटण या चार गोष्टी वहीत उतरवून घ्या. सरकारी दप्तर उद्याही राहील. आजीची आठवण राहीलच असे नाही.

खुदा हाफिज.